ओसरीवरचं हू

पुंजारामच्या थोरल्या सुनेनं, चांगुणानं, मॅट्रिकची परीक्षा दिली तेव्हा तिच्या अंगावरची हळदसुद्धा उतरली नव्हती, असं वाडीत अजून सांगतात. लोक काय, काहीही सांगतात. लग्न माघात झालं आणि परीक्षा मार्चात, एवढंच खरं. बाकी सगळ्या विषयांत ती सुटली आणि इंग्रजीत लटकली. त्या काळी अकरावी म्हणजे मॅट्रिक, आणि खर्ड्याच्या पलीकडच्या त्या वाडीत मॅट्रिकच्या बाकावर बसून आलेली बाई ही एकटीच. त्यामुळे तिच्या नापास होण्याचंही वाडीनं कौतुक केलं. पुरुष नापास झाला असता तर नावं ठेवली असती.

चांगुणाला मात्र हे कौतुक नको होतं. वाडीच्या शाळेत मुली टिकत नव्हत्या, म्हणून तिथं एक मास्तरीणबाई नेमायची असं वर घाटत होतं. मॅट्रिक पास असेल तिलाच ती जागा मिळणार होती. शेणागोठ्याचा चांगुणाला कंटाळा नव्हता. पण सकाळी धुतलेलं पातळ नेसून, हातात खडू घेऊन उभं राहावं, पोरींना चार अक्षरं शिकवावीत, हे तिनं लहानपणापासून मनात धरलं होतं. आता ते नगरला होणाऱ्या ऑक्टोबरच्या परीक्षेवर येऊन ठेपलं होतं.

पुंजारामच्या घरात निर्णय व्हायचा तो पुंजारामच्या टोपीखाली. माणूस वाईट नव्हता. कुणावर हात उगारला नाही, कुणाला उपाशी ठेवलं नाही. पण कांदा लावायचा की ज्वारी पेरायची, लेकाचं लग्न कुठल्या घरी करायचं, म्हैस विकायची की ठेवायची, हे सगळं तो अंगणातल्या बाजेवर पडून ठरवायचा आणि जेवताना सांगून टाकायचा. चांगुणाचंही त्यानं असंच सांगून टाकलं. ऑक्टोबरला एकदा बसू द्या, नाही सुटली तर पुस्तकं बांधून माळ्यावर. चांगुणाचा नवरा बन्सी शेजारीच जेवत होता. त्यानं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि पुष्कळ वेळ बुडवूनच ठेवला.

शिकवायला खर्ड्याच्या हायस्कुलातले इंग्रजीचे कानिफनाथ मास्तर ठरले. हे कोपरगावकडचे, पाटपाण्याच्या मुलखातले. एकटेच खोली घेऊन राहायचे आणि स्वतःच्या हातचं खाऊन वाळत चालले होते. पैसे नकोत म्हणाले, शिकवणीनंतर गरम भाकरी मिळाली तरी पुष्कळ झालं. एक दिवसाआड शाळा सुटली की ते सायकलवरून वाडीला यायचे.

आता पंचाईत अशी की सून तरणी, मास्तर बिनलग्नाचा. दोघांना ओसरीवर एकटं बसवलं असतं तर वाडीला दुसरा धंदा उरला नसता. म्हणून सासूनं, लंकाबाईनं, सोबत बसायचं ठरलं. लंकाबाई नुसती बसणारी बाई नव्हे, ती सुपात ज्वारी घेऊन निवडत बसायची. एकटीला करमेना म्हणून तिनं शेजारच्या कडूबाईला बोलावलं. कडूबाई आली म्हणून छबूबाई आली. असं करत करत शिकायला एक आणि राखायला पाच-सहा, अशी ती शाळा भरू लागली.

मास्तर इतक्या बायकांपुढे कधी बसले नव्हते. कुणाच्या तोंडाकडे बघावं हे त्यांना कळेना, म्हणून ते अंगणातल्या लिंबाकडे बघून शिकवायचे. त्यांनी जे काही शिकवलं ते त्या लिंबाला शिकवलं. त्या हिशेबानं ऑक्टोबरात पहिला पास व्हायचा तो लिंब.

चांगुणाची गाडी अडली होती ती 'हू'पाशी. मास्तरांनी लिंबाला नीट समजावून सांगितलं, की इंग्रजीत हा 'हू' दोन कामं करतो. वाक्याच्या तोंडाशी बसला की तो विचारतो, कोण आलं. वाक्याच्या पोटात शिरला की विचारायचं सोडून देतो आणि जोडायला लागतो, जो माणूस आला तो. त्याचेच भाऊबंद 'हूज' म्हणजे कोणाचा किंवा ज्याचा, 'हूम' म्हणजे कोणाला किंवा ज्याला, आणि माणूस सोडून बाकी सगळ्यांना 'विच'. चांगुणा मान हलवायची आणि पाटीवर लिहायची, 'हू मॅन केम, ही इज माय अंकल.' जो माणूस आला तो माझा काका. मराठीत 'जो' आला की त्याच्या मागं 'तो' यायलाच पाहिजे, ही तिची समजूत. तो 'तो' काही केल्या तिच्या हातून सुटेना. पुस्तकात वाक्य होतं, ज्या मुलानं खिडकीची काच फोडली तो मुलगा पळाला. वाडीत एकाही खिडकीला काच नव्हती. त्यामुळे त्या मुलाबद्दल कुणाला काही वाटलं नाही.

असा सगळा आषाढ गेला. श्रावण लागल्यावर एके दिवशी बन्सी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन, काड्या सांडत अंगणातून गोठ्याकडे गेला. मास्तरांना वाटलं, बरा सापडला. त्यांनी बोट दाखवून चांगुणाला विचारलं, 'हू इज ही?' तो कोण आहे? सोपा प्रश्न, सोपं उत्तर, 'ही इज बन्सी.' चांगुणा लाल झाली आणि पाटीकडे बघायला लागली. मास्तरांनी पुन्हा विचारलं. तिनं पदरानं पाटी पुसायला घेतली. मास्तर व्याकरणात इतके शिरलेले, की आपण काय विचारतोय याचं त्यांना भान नव्हतं. नाव सांगा, नाव येत नाही का, असं ते लिंबाला दटावू लागले. सुपांवरचे हात थांबले.

"मास्तर," लंकाबाई म्हणाली, "तिनं उघड्या तोंडानं नवऱ्याचं नाव घ्यायचं व्हय? माझा लेक तुमाला जड झाला का?"

मास्तरांनी जीभ चावली. नवऱ्याचं नाव लग्नात, बारशाला उखाण्यात गुंफून घेतलं तर चालतं. एरवी बाईनं ते उघडं घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं घटतं, हे कोपरगावकडेही सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी माफी मागितली आणि सहज विचारलं, की मग कोण आलं हे सांगायचं झालं तर तुम्ही बायका सांगता कसं?

"न सांगायला काय झालं?" कडूबाई म्हणाली. "ज्येंचा भारा निम्मा वाटंतच सांडतो, त्ये आलं. कळलं का न्हाई कोन आलं त्ये?"

कानिफनाथ मास्तर उठून उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी लिंबाकडे पाठ केली आणि बायकांकडे तोंड केलं. पुन्हा म्हणा, असं त्यांनी कडूबाईला सांगितलं. तिनं म्हटलं. मास्तरांनी तेच इंग्रजीत म्हटलं, 'द मॅन हूज बंडल फॉल्स.' ज्याचा भारा सांडतो तो माणूस. त्यात 'हूज' कसा पोटात शिरून बसलाय, आणि मागं 'तो' लागत नाही, हे त्यांनी बोटानं हवेत काढून दाखवलं. चांगुणाला ते एका क्षणात दिसलं. महिनाभर जे डोक्यात शिरत नव्हतं ते नवरा वैरण सांडून गेला आणि शिरलं. नाव न घेता माणूस ओळखू द्यायचा, एवढंच तर काम होतं त्या 'हू'चं. आणि वाडीतल्या बायका जन्मभर दुसरं करत काय आल्या होत्या? ज्यांना ताक लागतं ते, ज्यांनी मला इथं आणलं ते, ज्यांच्या कानात लव आहे ते.

त्या दिवसापासून ओसरीचा नूर पालटला. मास्तर म्हणायचे, एकेक वाक्य करा, आणि बायका सुपं खाली ठेवायच्या. कडूबाईनं केलं, 'द मॅन हू स्नोअर्स', जो घोरतो तो. छबूबाईचा नवरा बैल आणायला खर्ड्याच्या बाजाराला गेला होता आणि नुसतं दावं घेऊन परतला होता, म्हणून तिचं वाक्य झालं, 'द मॅन हू ब्रॉट रोप.' चांगुणाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, 'द मॅन हू इज अफ्रेड ऑफ हिज फादर.' जो बापाला भितो तो. मास्तरांनी त्याचं मराठी केलं आणि चांगुणानं घाबरून सासूकडे पाहिलं. लंकाबाई सगळ्यांत जास्त हसली, कारण ते खरं होतं.

एकदा लंकाबाईनं बैलांचा प्रश्न काढला. बैलाला हू म्हणायचं का विच? मास्तर म्हणाले, विच. जनावराला विच. लंकाबाईला ते बिलकूल पटलं नाही. आमच्या ढवळ्याला माणसापेक्षा जास्त कळतं, त्याला हू लावायला इंग्रजांचं काय जातं, असं तिचं म्हणणं. मास्तर म्हणाले, नियम आहे. तेव्हा कडूबाईनं आपलं वाक्य मुकाट्यानं बदललं आणि म्हटलं, 'द मॅन विच स्नोअर्स.' मास्तर दुरुस्त करायला गेले.

"मास्तर, तुमी आमच्यात मुक्कामाला न्हाई राह्यला कवा," कडूबाई म्हणाली. "एक रात ऐका, मंग सांगा हू का विच."

असलं बियाणं ओसरीत थोडंच राहतंय. ते आडावर गेलं, खुरपणीला गेलं, गिरणीवर गेलं. कुठलाही बाप्या दिसला की बायका त्याचं 'हू' एकमेकींना हळूच सांगायच्या आणि पदर तोंडात कोंबायच्या. मराठीत म्हटलं तर कळलं असतं. इंग्रजीत म्हटल्यावर दादला समोर उभा असला तरी चालायचं. ज्या बायकांना नवऱ्यापुढे मान वर करायची चोरी, त्या आता त्याच्या तोंडावर त्याचं वर्णन करू लागल्या आणि वर विचारू लागल्या, की च्या ठेवू का?

बाप्ये आधी हसले, मग बुचकळ्यात पडले, मग चिडले. सगळ्यांत जास्त चिडला तो सहादेव, कडूबाईचा नवरा. तो आडापाशी आला की बायका गप्प व्हायच्या आणि मग एकदम खसखस पिकायची. त्यानं कडूबाईला खोदून विचारलं. ती म्हणाली, परीक्षेचं आहे. तुझी कसली परीक्षा, असं विचारल्यावर ती म्हणाली, आमची रोजचीच आहे. शेवटी त्यानं सायकलवरून चाललेल्या मास्तरांना वाटेत गाठलं आणि 'हू म्हणजे काय' असं दरडावून विचारलं. मास्तर बिचारे खोटं बोलायला शिकले नव्हते. ते संबंधी सर्वनाम आहे, असं ते म्हणाले. त्यातलं सर्वनाम सहादेवाच्या डोक्यावरून गेलं. 'संबंधी' तेवढं ऐकू आलं आणि त्याचं टाळकं सटकलं.

तो तसाच पुंजारामकडे आला. तुमच्या ओसरीवर मास्तर आमच्या बायकांना इंग्रजीतून शिव्या शिकवतोय, वाडीतल्या झाडून सगळ्या बाप्यांची टर उडतेय, आणि हे सगळं तुमच्या सुनेच्या नादानं चाललंय, असं त्यानं सांगितलं. पुंजारामनं ऐकून घेतलं. त्यानं बाजेवर पडून काय ठरवायचं ते ठरवलं आणि जेवताना सांगून टाकलं. शिकवणी उद्यापासून बंद. सोमवारी मास्तराला पारावर बोलवायचं, चार माणसांत काय ते होऊ दे. परीक्षेचं पुढं बघू.

घरातलं 'पुढं बघू' म्हणजे काय, हे चांगुणाला चांगलं ठाऊक होतं. बन्सीनं पुन्हा भाकरी कालवणात बुडवून ठेवली. चांगुणा गोठ्यात गेली आणि ढवळ्याच्या मानेवर डोकं टेकून रडली. परीक्षा तोंडावर आली होती, सगळं येत होतं, आणि येत होतं म्हणूनच बंद पडत होतं. तिला बन्सीचा राग आला, सहादेवाचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. नापास व्हायला आपण जन्मलो आणि हसायला गेलो, असं तिला वाटलं.

सोमवारी दिवस कलल्यावर मारुतीच्या पारावर बाप्ये बसले. बायका पदर पुढं ओढून देवळाच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. मास्तर आले, पाराखाली उभे राहिले आणि बघायला इथं लिंब नाही म्हणून पिंपळाकडे बघू लागले.

सहादेवानं तक्रार मांडली. बायका बाप्यांना काय म्हणतात ते मराठीत सांगा, हा त्याचा सवाल. पुंजारामनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पिंपळाला सांगितलं, की वाक्यं बायकांची आहेत, मी फक्त चुका दुरुस्त केल्या. चुका दुरुस्त केल्या म्हटल्यावर सहादेव आणखी भडकला.

तेव्हा लंकाबाईच्या पाठीमागून चांगुणानं तिच्या कानात काहीतरी सांगायला सुरुवात केली. सुनेनं सासऱ्यासमोर, त्यातून पारापुढे, तोंड उघडायचं नाही. पण सासूच्या कानाला काही बंदी नाही. चांगुणा कुजबुजायची आणि लंकाबाई मोठ्यानं सांगायची. चांगुणानं सांगितलं ते एवढंच, की ह्यात शिवी नाही, इंग्रजीत नाव घेऊनच बोलतात, आम्हाला नाव घेता येत नाही म्हणून आम्ही नावाच्या जागी हे 'हू' घालतो. लंकाबाईनं ते बरोबर सांगितलं. इथवर ठीक होतं. पुढचं चांगुणानं सांगितलेलंच नव्हतं.

"तर मंडळी, तुमाला ह्ये हू नगं हाय," लंकाबाई म्हणाली. "आमची काय तक्रार न्हाई. आजपास्नं हू बंद. आमी सरळ नावं घेतो."

 चांगुणानं सासूचा पदर ओढला, पण लंकाबाई आता ओढून थांबणारी नव्हती. सहादेव म्हणाला, घ्या की, भितो कोण?

कडूबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. ती भिंत सोडून दोन पावलं पुढं आली, घसा खाकरला आणि नवऱ्याकडे बघून तोंड उघडलं. पहिलं अक्षर बाहेर पडलं, 'स'. सहादेव नुकताच हिवतापातून उठला होता. पायांत अजून ताकद नव्हती, तरी तो पारावरून खाली कसा आला ते कुणाला दिसलं नाही. त्यानं बायकोपुढे दोन्ही हात केले आणि थांब, थांब, असं म्हणत राहिला. कडूबाईनं उघडलेलं तोंड तसंच ठेवलं. सगळ्या पारावर एकेका बाप्याची नजर आपापल्या बायकोच्या ओठांवर गेली. छबूबाईचा नवरा तर उठून चालूच लागला. निम्म्या बाप्यांनी घाईघाईनं सांगितलं, की हू राहू द्या, हू चांगलं आहे, मास्तर विद्वान आहेत.

बायका हसल्या नाहीत. पदराच्या आत काय केलं ते मारुतीला ठाऊक.

पुंजाराम मात्र जागचा हलला नव्हता. सहादेवाची फजिती बघून त्याच्या मिशीत हसू आलं होतं आणि त्या हसण्यातच त्याला एक खुमखुमी आली. सगळ्यांची 'हू' निघाली, आपलं काय असेल? आपण घरचे कर्ते, वाडीतले वजनदार. आपल्याला नाव ठेवायला जागा कुठं? त्यानं मास्तरांना विचारलं, की आमच्या घरातून आमच्याबद्दल काय वाक्य केलंय? मास्तर म्हणाले, त्यांनी एकही केलेलं नाही. हे खरं होतं. इतके दिवस लंकाबाईनं सगळ्यांच्या वाक्यांना हसून घेतलं, स्वतःचं एकही केलं नव्हतं. पुंजाराम खूश झाला आणि आता करा म्हणाला, चार माणसांत होऊन जाऊ द्या.

 लंकाबाईनं एकेक शब्द सुटा सुटा, ज्वारीतला खडा वेचावा तसा काढला. "द मॅन, हू, नेव्हर, आस्क्ड, मी."

मास्तरांची नजर पिंपळावरून खाली आली. चूक काढायला जागा नव्हती. पुंजारामनं त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातली. मग पुंजारामनं सुनेकडे पाहिलं. सून शिकलेली आहे, ती सांगेल. सासूच्या कानात नको, मोठ्यानं सांग, असंही तो म्हणाला.

 चांगुणाला सोपं खोटं सुचलं होतं. 'ज्यांनी मला काही कमी पडू दिलं नाही ते' म्हटलं की काम झालं. इथं इंग्रजी येणारा दुसरा होता तो मास्तर, आणि तो काही बोलणार नव्हता. सासरा खूश होईल, परीक्षा पदरात पडेल, पोरींची शाळा, खडू, सगळं. खरं सांगितलं तर चार माणसांत सासऱ्याची शोभा, आणि मग पुस्तकं माळ्यावर जाणार नाहीत, चुलीत जातील. तिनं सासूकडे पाहिलं. लंकाबाई तिच्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि आपण काय म्हटलं ते त्याला कळावं म्हणून थांबली होती. एवढ्या वर्षांत एक वाक्य केलं बाईनं, आणि तेही आपण खोटं करायचं? चांगुणाला ते जमेना.

"ज्यांनी मला कधी काही इचारलं न्हाई, त्ये," चांगुणा म्हणाली. सासऱ्यासमोर तिचा आवाज पहिल्यांदाच निघाला आणि तो तिला स्वतःलाच परका वाटला.

 पुंजारामच्या मिशीतलं हसू गेलं. रागवावं असं त्याच्या तोंडावर एकदा आलं आणि परत गेलं. त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. म्हैस विकली तेव्हाचं, लेकाचं लग्न ठरवलं तेव्हाचं, आणखी काय काय त्याच्या डोळ्यांपुढून जात होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. बन्सी पाराच्या कडेला उभा होता, त्यानं डोळे मिटूनच घेतले होते.

"बरं," पुंजाराम शेवटी म्हणाला आणि घसा खाकरला. "मंग आता इचारतो. सुनेला परीक्षेला धाडायचं का?"

सगळा पार लंकाबाईकडे वळला.  चांगुणाला एक शब्द हवा होता, 'व्हय'. तेवढा पडला असता तर ती सुटली असती. लंकाबाईनं पदर सारखा केला, चोळीत खोचलेली चंची काढली, त्यातली सुपारी तोंडात टाकली आणि सावकाश चघळली.

"इचार करून सांगते," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

बायका तिच्या मागोमाग गेल्या. पुंजाराम पारावर तसाच बसून राहिला. आयुष्यात त्याला कधी उत्तराची वाट बघावी लागली नव्हती, त्यामुळे ती कशी बघतात हेही त्याला येत नव्हतं. तो उठला, बसला, मास्तरांना उगाचच कोपरगावच्या उसाचा भाव विचारला. चांगुणाला तर रडावं का हसावं ते कळेना. वाटेत तिनं सासूला दोनदा हटकलं, आत्याबाई, होच म्हणणार ना तुम्ही? लंकाबाई म्हणाली, एवढ्या वर्षांनी इचारलंय, एवढ्यात कसं सांगू.

रात्रीच्या जेवणाला पुंजाराम लवकर आला. पहिली भाकरी खाऊन होईपर्यंत त्यानं दम धरला. दुसरी ताटात पडली तशी त्यानं मान वर न करता, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात विचारलं, मग काय ठरलं?

"धाडायचं," लंकाबाई म्हणाली. "आन् नगरला तिच्यासंगं मी जानार हाय. परीक्षा होईस्तवर तिथंच राहनार."

एवढे दिवस घर कोण बघणार, भाकऱ्या कोण थापणार, हे पुंजारामच्या ओठांवर आलं. त्यानं घास खाली ठेवला.

"अगं, पर ह्ये…"

"त्ये मी इचारलं न्हाई," लंकाबाई म्हणाली. "सांगितलं."

 पुंजारामनं ताट थोडं पुढं सरकवलं आणि आणखी भाकरी मागितली. बन्सीनंही मागितली. चांगुणा चुलीपुढे बसून तव्यावरची भाकरी उलटत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबत नव्हतं.